उठवा, सांगा, मग जा

आमच्या सिस्टर मोरीत तोंड धुवायला गेल्या तरी सांगून जायच्या. "मी मागं जाऊन आले गं," हे वॉर्डातल्या सगळ्या खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात. डॉक्टरसाहेब राउंडवर असले तर त्यांनाही. परत आल्यावर "आले बरं का" म्हणून पुन्हा वर्दी. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, ह्यांचं डोकं जरा सरकलेलं असावं. महिन्याभरात मीही सांगून जायला लागले, कारण न सांगता गेलेलं माणूस परत आलं की सिस्टर त्याच्याकडं असं बघायच्या, जसं काही ते कुठून चोरी करून आलंय.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जुन्या जिल्ह्याच्या पाट्या उतरत होत्या, नवे साहेब घरं शोधत फिरत होते, भाडी वाढत होती आणि प्यायला पाणी नव्हतं. मी रेणापूरची. नर्सिंग संपवून एका खाजगी बालरुग्णालयात लागले होते. खाली बाहेरचे पेशंट, वर वॉर्ड. उन्हाळाभर हगवणीची लेकरं यायची, डोळे खोल गेलेली, टाळू बसलेली. सिस्टर वॉर्डाच्या प्रमुख. चाळिशीकडं झुकलेल्या, उंच, हाडापेरानं मोठ्या, बोलायला फटकळ.

लेकराबरोबर आई असायची आणि आईच्या मागं घरी दुसरी लेकरं, म्हातारी माणसं, जनावरं. गावात टँकर आला की घागरीपाशी माणूस लागायचं. म्हणून आया अधूनमधून गावाकडं जाऊन यायच्या. ह्या जाण्याची आपल्याकडं रीत ठरलेली आहे. लेकरू झोपलं की हळूच उठायचं, बांगड्या कोपराकडं सरकवायच्या म्हणजे वाजत नाहीत, आणि निघायचं. मागं राहिलेल्या आजीनं किंवा मावशीनं लेकरू उठल्यावर सांगायचं, माय शेतात गेलीय, आत्ता येतीय. ह्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. उलट रडवून जाणारी आई निर्दयी ठरते. मलाही माझ्या आईनं असं कितीदा ठेवलं असेल, आणि मी ठणठणीत आहे.

सिस्टरच्या वॉर्डात ही रीत चालत नव्हती. जिन्याच्या तोंडाशी त्यांची खुर्ची असायची आणि नियम एकच: उठवा, सांगा, मग जा.

औशाकडची एक बाई मला आठवते. रात्रभर किरकिरलेलं लेकरू तिनं कसंबसं निजवलं होतं, गाडीची वेळ झाली होती, आणि ती चप्पल हातात घेऊन जिन्यापाशी आली. सिस्टरनी तिचं कोपर धरलं.

"आत्ताच डोळा लागलाय ओ बाई त्येचा," ती काकुळतीला आली.

"उठीव."

"रडंल की."

"रडू दे. तुझ्या तोंडासमोर रडंल. तू गेल्यावर भिताडाकडं बघून रडण्यापरीस बरं."

लेकरू उठलं, समजलं, आणि जे किंचाळलं ते पदर सोडेना. आई रडत गेली. खाटांवरच्या म्हाताऱ्या सिस्टरना ऐकू जाईल असं बोलल्या, पोटाला लेकरू न्हाई, तिला काय कळणार. डॉक्टरसाहेब वर आले आणि म्हणाले, सिस्टर, अशानं ताप चढतो, सलाईन निघतं.

"साहेब, रडणारं लेकरू मला चालतंय," सिस्टर म्हणाल्या. "गप बसून दाराकडं बघणाऱ्याला मी भिते."

साहेब खाली गेले. आई उद्याच्या पहिल्या गाडीनं येते म्हणून गेली असेल, तर सिस्टर उद्या पहिल्या गाडीच्या वेळेला गच्चीच्या कठड्याशी उभ्या. नाहीच आली तर लेकराला "आत्ता येतीय" असं त्या कधीही सांगायच्या नाहीत. "न्हाई आली. मी पण वाट बघायलेय," म्हणायच्या. दोन वर्षांच्या पोराशी हे बोलणं. मला तेव्हा हसू यायचं.

सिस्टरना नवरा आहे, हे मला पहिल्या शनिवारी कळलं. त्या आणि मी एकाच ओळीतल्या खोल्यांत भाड्यानं राहत होतो. माझ्या पलीकडं चाची राहायच्या, त्यांचे मालक, म्हणजे चाचा, घड्याळं दुरुस्त करायचे. सिस्टरचे मालक, आमचे भाऊजी, नांदेडला पाटबंधारे खात्यात होते. पाणी नसलेल्या कालव्यांचे नकाशे काढायचे, असं ते स्वतःच हसून सांगायचे. लग्न उशिरा झालेलं, तीन वर्षांपूर्वी. नव्या जिल्ह्यात बदली आज होईल, उद्या होईल म्हणत दोघं दोन गावांत. ते शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं यायचे, रविवारी दुपारी परत.

शुक्रवारपासून सिस्टरचे हात गार पडायचे. खरोखर गार. सुई लावताना लेकरं त्या हातांना दचकायची. "उद्या येतेत का न्हाई, कुणाला ठाऊक," असं त्या दिवसभरात कितीदा म्हणायच्या. मी म्हणायची, मागच्या शनिवारी आले, त्याच्या मागच्या शनिवारी आले, आता काय होणार? त्यांना हिशेब पटायचा, हात गारच राहायचे. शनिवारी घर झाडायच्या, भाजीत जास्तीचं तेल घालायच्या, आणि भाऊजींनी दार वाजवलं की आतून कडीवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहायच्या. परसातल्या खिडकीतून मी हे डोळ्यांनी बघितलंय. दार उघडल्यावरही तासभर एक शब्द नाही. पाण्याचा तांब्या ठेवतील तोही आपटून. आणि ते घरी असले की त्यांना झोप म्हणून लागत नसे. भिंतीला टेकून बसून राहते, असं त्यांनीच सांगितलं. कशाला, तर उगीच.

रविवारी जेवणं झाली की भांडण. गाडीच्या आधी तासभर हे ठरलेलंच. कधी मिठावरून, कधी सदऱ्याच्या कॉलरवरून, कधी भाऊजींच्या बहिणीनं लग्नात केलेल्या एका मानपानावरून. भाऊजी शांत माणूस. आधी समजवायचे, मग हसायचे, मग गप्प बसायचे, मग पिशवी उचलायचे. "जावा. पुन्हा तोंड दावू नका," हे सिस्टरचं शेवटचं वाक्य, ओळीतल्या सगळ्यांना पाठ. ते कोपऱ्यावरून वळले की त्या दार लावून घ्यायच्या, आणि सोमवारी वॉर्डात सगळ्यांशी गोड.

एकदा मी सरळ विचारलं, इतकी वाट बघता आणि जाताना हाकलता कशाला?

"जाणाराला जाऊ द्यायचं न्हाई गं. हाकलायचं. आपण हाकललं की त्यो गेल्यागत वाटत न्हाई."

मग त्या दुपारी कापसाचे बोळे करता करता त्यांनी आपली हकीकत सांगितली, पेशंटचा आधीचा इतिहास सांगावा तशी. त्या उमरीच्या. तीन वर्षांच्या होत आल्या तरी आईच्या अंगावर पीत होत्या, आणि आईला पुन्हा दिवस गेलेले. अंगावरचं तोडायला पोरीला लांब ठेवतात, तसं आईनं त्यांना देगलूरकडं मावशीच्या घरी नेलं. मावशीला मूलबाळ नव्हतं. दुपारी आईनं जवळ घेतलं, पाजलं, निजवलं, आणि निघून गेली. जाग आली तेव्हा आई निजलेली जागा घामानं अजून ओली होती. एवढं तरी आठवतंय असं वाटतंय, त्या म्हणाल्या, का मावशीनं सांगितलेलं असंल, काय की. उंबऱ्यात बसून राहायच्या, गाडीरस्त्याकडं तोंड करून. रडल्या, मग रडायच्या थांबल्या.

"समदे म्हणले, लेकरू रुळलं. मी रुळले नव्हते. मी विचारायचं सोडलं होतं."

आई बाळंतपणात आजारी पडली. वर्ष गेलं, वर थोडं आणखी गेलं. मग ती कडेवर मुलगा घेऊन आली, तेव्हा ह्यांनी मावशीच्या मागं लपून विचारलं, ही कोण? घरभर हशा पिकला. पुढं कित्येक वर्षं प्रत्येक लग्नाकार्यात मावशी ही गोष्ट सांगून सगळ्यांना हसवायची. आणि ह्यांना परत उमरीला पोचवायला आली तेव्हा तिचाही धीर झाला नाही. फुटाणे घेऊन आत्ता येते म्हणाली आणि ती पण गेली.

मी त्यांना म्हटलं, झालं ते झालं. भाऊजी काय तुमची आई आहेत का मावशी?

"डोक्याला कळतंय," त्या म्हणाल्या. "पोटाला न्हाई कळत."

हे मी भाऊजींना सांगितलं. एका रविवारी स्टँडच्या वाटेवर त्यांनीच विचारलं होतं, ती मला का हाकलती? त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि तरीही त्यांना ते कळलं नाही. ते आठ भावंडांतलं शेंडेफळ. आई शेजारी हळदीकुंकवाला गेली तरी ह्यांना काखेला मारून जायची. "माणूस गेलं तर येतंयच की," ते म्हणाले. ज्याच्या घरात आड आहे, त्याला टँकरची गर्दी कळत नाही, तसं ते होतं. त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

मग तो रविवार आला. वॉर्ड भरलेला होता आणि सिस्टरनी आधीचे दोन दिवस जवळजवळ सलग ड्यूटी केली होती. रविवारी त्या घरी गेल्या, स्वयंपाक केला, भाऊजींना वाढलं, आणि दुपारी भिंतीला टेकल्या टेकल्या झोपल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा, नवरा घरात असताना. भाऊजी पिशवी भरून उठवायला वाकले. चाची दारातूनच हळू म्हणाल्या, "काइकू उठाते भाई? थकेली है. सोती है तबीच निकल जाव. हर हफ्ते का झगडा काइकू?"

भाऊजींना ते पटलं. त्यांनी अंगावर चादर घातली, चपला हातात घेतल्या आणि पायांचा आवाज न करता निघाले. शनिवारी येतो, असं चाचींपाशी सांगून गेले. मायेनंच केलं सगळं. मी तेव्हा वॉर्डात होते.

सोमवारी सिस्टर वेळेवर आल्या. पातळ कडक, केस चापून बांधलेले. थोड्या वेळानं उठून मागं गेल्या आणि परत येऊन बसल्या. जाताना सांगणं नाही, आल्यावर वर्दी नाही. माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मी भाऊजींचं विचारलं.

"कोण?" त्या म्हणाल्या.

मला वाटलं, रागानं. तोंडाकडं बघितलं तर राग नव्हता. तिथं काहीच नव्हतं.

संध्याकाळी चाचींनी मला सगळं सांगितलं, तोंडावर पदर दाबून. उठल्यावर सिस्टरनी रिकाम्या खोलीकडं बघितलं, चादर घडी करून ठेवली, बस्स. भाई शनिवारी येतो म्हणाले, असं चाचींनी दोनदा सांगितलं, तर सिस्टरनी असं ऐकलं, जणू त्या दुसऱ्याच कुणाचं काही सांगतायत.

मंगळवारी एक बाई बांगड्या वर सरकवून जिन्यापाशी आली. खुर्चीवर सिस्टर होत्या. बाई थबकली. सिस्टरनी तिच्याकडं बघितलं आणि पाय आवरून वाट दिली. ती बिचारी आनंदानं उतरून गेली. तिचं लेकरू उठलं, थोडं रडलं, मग गप बसून दाराकडं बघायला लागलं. मी सिस्टरकडं बघितलं. त्याही तिकडंच बघत होत्या. पेशंट दगावताना मी पुढं खूप बघितले, पण त्या दुपारी जी भीती वाटली, ती तशी नव्हती. इथं काही बिघडलेलं दिसत नव्हतं. औषधं वेळेवर जात होती, चार्ट नीट भरलेले होते, आणि आत माणूस नव्हतं.

शुक्रवारी मी मुद्दाम त्यांचा हात हातात घेतला. नेहमीसारखा होता, कोमट. मला रडायला आलं, आणि मी सहसा रडत नाही.

त्याच दिवशी डॉक्टरसाहेबांनी मला बोलावून वॉर्ड सांभाळशील का म्हणून विचारलं. सिस्टर उदगीरला चालल्या, म्हणाले. तिथल्या एका दवाखान्याचं त्यांना कधीपासून बोलावणं होतंच, ते त्यांनी स्वीकारलं. उद्या दुपारच्या गाडीनं. घरी जाऊन बघते तर सिस्टरची पत्र्याची ट्रंक दोरीनं बांधून तयार. मला सांगितलं नव्हतं, चाचींना नव्हतं, भाऊजींना तर नव्हतंच. संध्याकाळी ते येतील आणि दाराला कुलूप असेल, असा तो बेत होता. मी खूप बोलले. नांदेडला तार करते म्हणाले, तर त्या म्हणाल्या, कुणाला?

शनिवारी मी रजा टाकून त्यांच्या मागं स्टँडवर गेले. उदगीरची गाडी लागली नव्हती. ऊन मरणाचं. मी म्हटलं, निदान त्यांच्या तोंडावर सांगून जा, हवं तर भांडून जा.

"भांडायला माणूस लागतंय," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात नांदेडची गाडी आली आणि तिच्यातून भाऊजी उतरले. नेहमी संध्याकाळी येणारे, आज दुपारीच. तिला न सांगता निघून गेलो हे आठवडाभर मनाला खात होतं, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाले, हे आम्हाला नंतर कळलं. सिस्टर मला ओढून बंद पडलेल्या रसवंतीच्या तट्ट्यामागं झाल्या. भाऊजींनी रुमालानं तोंड पुसलं, पिशवी खांद्याला लावली आणि घराच्या वाटेला लागले.

"चला आता," मी म्हटलं.

"गाडी लागायची हाय अजून," त्या म्हणाल्या. "कुलूप बघून काय करतेत, तेवढं बघते."

ट्रंक चौकशीच्या खिडकीपाशी ठेवून आम्ही मागून निघालो, अंतर ठेवून. मला भीती एकाच गोष्टीची होती. हा माणूस कुलूप बघेल आणि पायरीवर शांत बसेल. गेलंय ते येतंयच, एवढंच त्याला माहीत. तो बसला, की ह्या बाई वळणार, आणि उदगीरच काय, त्याच्याही पुढं जाणार.

ओळीच्या टोकाला कोरडा हौद होता, त्याच्या आडोशाला आम्ही थांबलो. भाऊजी दारापाशी पोचले. कुलूप बघितलं. ड्यूटी असेल म्हणून स्वतःशीच जरा हसले, पायरीवर बसले, आणि पिशवीतून पेपर काढला.

"बघितलंस?" सिस्टर म्हणाल्या, आणि वळल्या.

मी त्यांचं मनगट धरलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्यावर जोर केला. त्या ओढत होत्या, मी सोडत नव्हते. दोन बायका उन्हात अशा झोंबतायत, हे कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे. तेवढ्यात चाची बाहेर आल्या. त्या काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, हात मात्र दिसले. ट्रंकेएवढे हात पसरले, मग स्टँडकडं दाखवलं, मग कपाळाला लावले.

भाऊजी उठले. पेपर पायरीवरच सुटला. त्यांनी कुलूप ओढलं, पुन्हा ओढलं. मग दाराच्या फटीला डोळा लावला आणि तसेच थांबले. रिकाम्या खोलीत बघण्यासारखं काय होतं? पण ते बघत राहिले. सिस्टरच्या मनगटाची ओढ थांबली.

मग ते धावत सुटले. आधी दवाखान्याच्या दिशेनं, अर्ध्यातून परत, मग मागच्या गल्लीत. घड्याळवाल्या चाचांना विचारलं, पिठाच्या गिरणीत डोकावून विचारलं. एक चप्पल गल्लीतच राहिली. आणि मग त्यांनी सिस्टरचं नाव घेऊन हाक मारली. नवऱ्यानं भर दुपारी, भर गल्लीत बायकोचं नाव घ्यावं, हे आमच्या त्या ओळीत कधी कुणी ऐकलं नव्हतं. दारं उघडली. हाक पुन्हा आली, पलीकडच्या गल्लीतून, आणि ह्या वेळी आवाज चिरकला होता. त्या शांत माणसाचा असा आवाज असू शकतो, हे मला माहीत नव्हतं. त्यालाही माहीत नसावं.

सिस्टरचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता.

"मला शोधायलाय," त्या म्हणाल्या.

"मग ओ द्या की."

"देते." त्यांनी हौदाला पाठ टेकली. "अजून एकदा मारू दे."

भाऊजींनी हाक मारली. अगदी जवळून, हौदाच्या पलीकडून. सिस्टरनी तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. मग दुसऱ्या वेळेला फुटला.